कुणाच्या बाकावर

क्लेरमाँ, ८ मे १९८८

प्रिय मामी,

तुम्ही, मामा आणि दिदिये बरे असाल. गुरं वरच्या कुरणावर न्यायची तुमची गडबड चालू असेल, म्हणून थोडक्यात लिहिते.

सप्टेंबरपासून मी मूलँच्या शाळेत शिकवायला जाणार आहे. आपल्या घराण्यात विद्यापीठाची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि नोकरीचा कागद हातात आला तेव्हा आई कारखान्याच्या कॅन्टीनमधून नुकतीच परतली होती. तिने हात पुसले, कागद उलटसुलट पाहिला आणि एवढंच म्हणाली, "चला, एकीचं तरी झालं."

जाण्याआधी आईला सुट्टीवर न्यायचं मी ठरवलं आहे. खरी सुट्टी. कारखाना ऑगस्टमध्ये बंद असतो, तेव्हा आम्ही लेस्पिनादला येऊ. तिचं गाव तिने कितीतरी वर्षांत पाहिलेलं नाही. तुम्हाला त्रास द्यायचा नाही. सणाचे दिवस, त्यात गवताची कामं. म्हणून राहायची सोय मी दुसरीकडे केली आहे. वेद्रीनबाईंनी कोठारावर दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. त्यांची जाहिरात मला सुट्टीतल्या घरांच्या पुस्तिकेत सापडली. खोलीतून डोंगर दिसतो, न्याहारी तेच देतात. तुमच्या घरासमोरच असल्यामुळे आम्ही कॉफीला नक्की येऊ.

मामांना आणि दिदियेला नमस्कार सांगा.

तुमची भाची,
ओदील

*

लेस्पिनाद, १७ मे

ओदील,

पत्र पोचलं. हे दिदिये लिहितोय, मी सांगतेय. गाई व्यायल्यात, मला पेन धरून बसायला सवड नाही. मध्येच कुठे अक्षर हललं तर समज की तो हसला. तेहतीस वर्षांचा झाला, लग्न नाही, पण हसायला येतं.

वेद्रीन! अगं, अख्ख्या काँतालच्या डोंगरात तुला दुसरं छप्पर मिळालं नाही? त्यांच्या म्हाताऱ्यानं ओढा वळवला आणि आमची गुरांची कुंडी कोरडी पडली, तेव्हा हा दिदिये पाळण्यात होता. तेव्हापासून त्या घराला आम्ही नमस्कारसुद्धा घातलेला नाही. चर्चमध्ये शेजाऱ्याशी हात मिळवायची वेळ आली की तुझ्या मामाला खोकला येतो. आणि त्यांच्या कोठारात तू पैसे देऊन झोपणार? तुझ्या आजीनं त्यांच्या कोठारात कुत्रंसुद्धा जाऊ दिलं नव्हतं.

आता नीट ऐक, कारण शहरात हे कुणी शिकवत नाही. पंधरा ऑगस्टला मरियामातेच्या सणाचं जेवण चौकात असतं. प्रत्येक घराचा आपापला बाक. माणूस रात्री ज्या छपराखाली झोपतं, त्याच घराच्या बाकावर बसतं. जावई असो, पाहुणा असो, बिशप असो. एकदा एक सायकलवाला गवताच्या गंजीत झोपलेला सापडला, तर त्यालाही गंजीच्या मालकाच्या बाकावर बसवलं. म्हणजे लुसियां रूदेरची सख्खी बहीण मार्त वेद्रीनांच्या बाकावर बसणार, आणि समोरच्या बाकावरून भाऊ बघणार. संध्याकाळपर्यंत खोऱ्यातल्या मेंढ्यासुद्धा म्हणतील की रूदेरांनी बहिणीला घरात घेतलं नाही.

तुझ्या आईनं असलं काही कधी केलं नसतं. हे तुझं डोकं.

वरची खोली झाडून ठेवते, चादरी उन्हात टाकते. वेद्रीनबाईला कळव की तुम्ही आजारी पडलात. काय आजार ते तू ठरव, शिकलेली आहेस.

मामी

ता. क. दिदिये म्हणतो, नोकरीबद्दल अभिनंदन. मी म्हणते, आलीस की बघू.

*

क्लेरमाँ, २९ मे

प्रिय मामी,

मागच्या पत्रात मी पुरतं खरं लिहिलं नव्हतं. तुम्हाला त्रास नको म्हणून मी वेद्रीनांकडे खोली घेतलेली नाही. आई तुमच्या घरात राहू नये, म्हणून घेतली आहे.

तुमची वरची खोली मला आठवते. ज्या उन्हाळ्यांना आम्ही 'सुट्टी' म्हणायचो, तेही आठवतात. बस चौकात थांबायची. आई घरात शिरायची, कोट काढून खिळ्याला अडकवायची आणि त्याच खिळ्यावरचा एप्रन बांधायची. परत निघेपर्यंत तो सुटायचा नाही. त्या लांब टेबलाशी मामा बसायचे, दिदिये बसायचा, गवत कापायला आलेले मजूर बसायचे. टोकाला तुम्ही. मलाही खुर्ची मिळायची, मी पाहुणी ना! आणि माझी आई, त्या घरात जन्मलेली, चुलीपाशी उभी राहून हातातल्या वाडग्यातून जेवायची. मी नऊ वर्षांची असताना एकदा तिला माझी खुर्ची द्यायला उठले. तुम्ही म्हणालात, "बस खाली, सूप सांडशील." आजही सूप समोर आलं की मला ते वाक्य ऐकू येतं.

एक माणूस बसून जेवतो आणि दुसरा त्याच्या पाठीशी उभा राहून, याला मी रीत म्हणू शकत नाही. बाई शिकली तर असल्या गोष्टी बदलतील, असं मला खरंच वाटतं. तुम्हाला हसू येईल, हसा.

बाकांची पद्धत मला माहीत नव्हती, आम्ही नेहमी सणाआधीच परतायचो. सांगितलीत हे बरं केलंत. वेद्रीनबाईंना मी त्याबद्दल विचारलं. त्यांनी आणखी एक गोष्ट कळवली, जी तुम्ही लिहिली नाहीत. सणाचा स्वयंपाक दरवर्षी एका घराकडे असतो, आणि यंदा पाळी रूदेरांची आहे. म्हणजे कोबी, बटाटे आणि खारवलेल्या मांसाचं ते हंडाभर कालवण यंदा तुमच्या चुलीवर शिजणार, आणि तुमच्या घरच्या बायका ते सगळ्या बाकांवर वाढणार. घरच्या बायका म्हणजे तुम्ही, आणि आई आली तर आई. आता कळलं चादरी उन्हात का पडताहेत. तुम्हाला नणंद नको आहे मामी, दोन हात हवे आहेत.

यंदा ती बसेल. कुणाच्या बाकावर, याला माझ्या लेखी महत्त्व नाही. ती बसेल आणि तिला कुणीतरी वाढेल.

ओदील

*

लेस्पिनाद, १२ जून

कुमारी ओदील शासां,

आपलं पत्र मिळालं. दिदियेनं ते दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मी त्याला तुझ्या मामासमोर वाचायला लावलं. मामानं टोपी घातली आणि गोठ्यात निघून गेला. तो आणखी काय करणार? त्याला दुसरं येतं काय?

'दोन हात हवे आहेत.' हो, हवेत! या घरात हात हवेच असतात. गाय तुझ्या पदवीनं दूध देत नाही.

आता माझं ऐक, आणि दिदिये, तू गपचूप लिही, अर्धं गाळू नकोस. मी या घरात सून म्हणून आले आणि वर्षाच्या आत तुझी आई टायरच्या कारखान्यातल्या त्या गाणं म्हणणाऱ्याचा हात धरून क्लेरमाँला गेली. गेली ती गेली, तिची सासू नव्हती म्हणून तिची चैन. इथे मागे राहिले मी आणि तुझी आजी. तुला वाटतं चुलीपाशी उभी राहून फक्त तुझी आई जेवली? दिदिये शाळेत जायला लागला तरी मी उभीच होते. पोटात पोर होतं तेव्हा उभी होते, ते पोर गेलं त्या आठवड्यातही उभी होते. टेबलाच्या टोकाची खुर्ची म्हाताऱ्याच्या बाईची. ज्या बाईच्या हातात वाढायची पळी, तीच बसणार. आणि पळी कशी मिळते माहीत आहे? सणाच्या जेवणात, सगळ्या गावासमोर, म्हातारीच्या हातून सुनेनं घ्यायची. म्हातारी स्वतःहून देत नाही, तिचा हात थकला की सून घेते आणि म्हातारी बसते ती कायमची. तुझी आजी चिवट. तिनं अंथरूण धरलं तेव्हा पळी बरोबर नेली. मी शेवटी उशाखालून काढली, तिला कूस बदलवताना. तिच्या पाठीच्या जखमा मी धुतल्या. तुझी आई अंत्यसंस्काराला आली आणि जाताना लोण्याचा गोळा घेऊन गेली.

ती खुर्ची मला कुणी वाढून दिली नाही. म्हणून मी त्यावर बसते. आणि बसणार.

एप्रनचं म्हणशील, तर तो तिनं आपल्या हातानं बांधला. मी एकदाही सांगितलं नाही. विचार तिला.

आणि हेही विचार, की तिला कुठे राहायचंय. तुझ्या दोन पत्रांत तुझी आई पानभर आहे. त्या 'एकीचं तरी झालं'शिवाय तिचं तोंड मात्र कुठे उघडलेलं दिसलं नाही.

फेर्नांद रूदेर

(मी फक्त लिहितो आहे. दि.)

*

क्लेरमाँ, २० जून

मामी,

विचारलं. इस्त्री चालू असताना विचारलं, "आई, मामीकडे राहायचं की वेद्रीनांकडे?"

ती म्हणाली, "तू म्हणशील तिथे."

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तेव्हा तुमचा तो प्रश्न निकालात निघाला आहे.

तुमच्यावर जे गेलं ते वाचून मला वाईट वाटलं, हे प्रामाणिकपणे लिहिते. पण स्वतः इतकी वर्षं उभं राहिलेल्या बाईने दुसऱ्या बाईला उभं ठेवावं, हे मला त्याहून वाईट वाटतं. तुम्ही बसलात तेव्हा शेजारी एक खुर्ची ओढून घेतली असती तर घर कोसळलं नसतं.

ओदील

*

लेस्पिनाद, २७ जून

ओदील,

"तू म्हणशील तिथे."

हे ती तुझ्या आजीला म्हणायची. मग तुझ्या मामाला म्हणाली. मग त्या गाणं म्हणणाऱ्याला म्हणाली, आणि म्हणून टायरच्या धुरात जाऊन राहिली. आता तुला म्हणते. आम्ही तिला उभी राहा म्हणून सांगत होतो, तू बस म्हणून सांगतेस. हुकूम तो हुकूमच. तुझा फक्त व्याकरणशुद्ध आहे.

या मग वेद्रीनांकडेच. सणाला कालवण भरपूर असेल, माझ्या घरचं आहे.

फे. रू.

*

क्लेरमाँ, ४ जुलै

मामी,

आम्ही दहा ऑगस्टच्या बसने येत आहोत. वेद्रीनांकडची खोली कायम केली आहे. तुमच्या घरी कॉफीला यायचा बेत मात्र रद्द. यापुढे पत्र लिहिण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

ओदील शासां

*

लेस्पिनाद, २२ ऑगस्ट

ओदील,

हे मी स्वतः लिहितेय. दिदियेला सांगायची लाज वाटली. अक्षर तारेवर वाळत घातलेल्या मोज्यांसारखं आहे, तरी वाच. आता तुला माहीतच आहे का ते. सगळ्या गावालाच माहीत झालंय.

हिवाळ्यापासून माझी बोटं मिटत नाहीत. सकाळी तर हात म्हणजे दाताळं. दूध दिदिये काढतो. हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. मी हंड्यापाशी कुणाला फिरकू दिलं नाही, भांडी दिदियेनं उचलली, मी फक्त वाढणार होते. चौदा बाक. पळी मुठीत बसावी म्हणून दांड्याला चिंधी गुंडाळली होती, सगळ्यांना वाटलं चटका लागू नये म्हणून. बारा बाक मी वाढले. कुणाला काही कळलं नाही. तेरावा वेद्रीनांचा.

तुझी आई बसली होती निळा झगा घालून, पाठ ताठ, दोन्ही हात टेबलावर, फोटो काढायला बसावं तशी. मी तिच्या ताटलीत वाढलं. मान खाली घालून वाढलं, हेच बघायला आला होतात ना तुम्ही? आणि तिनं ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मोठ्यानं म्हणाली, "फेर्नांद, तळातून घाल. वरचं नुसतं पाणी आहे."

वेद्रीन इतका हसला की त्याचा पेला आडवा झाला. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "मार्तला वाचा फुटली!" तुझा मामा आपल्या पावाकडे बघत राहिला.

मी पळी तळात घातली. वर येईना. जड होती आणि बोटं सुटायला लागली. सुटली असती तर सुटली असती. कालवण सांडलं असतं, लोक म्हणाले असते फेर्नांद रागावली. राग मला शोभतो. पण तू! तू बाकावरून उडी मारून आलीस, माझ्या हातातून पळी काढून घेतलीस आणि सगळ्यांसमोर गोड आवाजात म्हणालीस, "बसा तुम्ही मामी, तुमचे हात दुखताहेत."

चौक कसा गप्प झाला ते ऐकलंस का? तुला वाटलं असेल, लोकांना तुझ्या चांगुलपणाचं कौतुक वाटतंय. मी तुला जूनमध्ये लिहिलं होतं पळी कशी घेतात. अक्षर न् अक्षर लिहिलं होतं! गावासमोर घेतली की घेतली. त्यानंतर बाई बसते ती कायमची. आणि मला बसावं लागलं, रिकाम्या हातांनी हंड्यापाशी उभी राहून काय करणार? मग तू वेद्रीनांचा बाक पुरा केलास, आणि शेवटी रूदेरांच्या बाकावर तुझ्या मामाला वाढलंस, आणि स्वतः हंड्यापाशी उभी राहून जेवलीस.

आता रूदेरांच्या घरची पळी कुणाकडे आहे? वेद्रीनांच्या कोठारात झोपणाऱ्या पोरीकडे, जी मूलँला जाऊन मुलांना बाराखडी शिकवणार. पाववाल्यानं परवा विचारलं, "मादाम रूदेर, आता घरात कुणाला विचारून पाव द्यायचा?" तो गंमत करत होता. मला गंमत कळते.

माझ्या घरात दुसरी बाई नाही. दिदियेला कुणी मुलगी देत नाही, गाईंचा वास येतो म्हणतात. मी ती पळी पडेपर्यंत धरणार होते. तुझ्या आईचा राग मी समजू शकते, तो तिचा हक्क. पण तू माझी कीव केलीस. ते मी तुला माफ करणार नाही.

फेर्नांद

*

मूलँ, ११ सप्टेंबर

मामी,

तुमचं पत्र मी खूपदा वाचलं. रीत तुम्ही लिहिली होती हे खरं. मी ती वाचली होती हेही खरं. त्या क्षणी मला आठवली नाही. मला फक्त तुमची बोटं दिसली. पुन्हा तसंच झालं तर मी पुन्हा उठेन, आणि यासाठी मी माफी मागणार नाही. ज्या रितीत थकलेल्या हाताला मदत करणं म्हणजे त्या हाताचा अपमान होतो, ती रीत मला मान्य नाही.

हे वाक्य मी लिहिलं, पण ते लिहून बरं वाटत नाही.

तुमच्यापाशी एक गोष्ट सांगते, कारण दुसऱ्या कुणापाशी सांगता येत नाही. तुम्ही माझ्यावर एवढ्या रागावलेल्या आहात, की आणखी काही बिघडणार नाही. वेद्रीनांकडे पहिल्या दिवसापासून आई उजाडायच्या आत उठायची. अंथरूण आवरायची, न्याहारीचे कप धुऊन ठेवायची, वेद्रीनबाईंच्या कोंबड्यांना दाणे टाकायची. मी रागवायचे. "आई, तू पाहुणी आहेस!" मग ती खुर्चीवर बसायची आणि मी काय सांगते याची वाट बघायची. सणाच्या सकाळी मी तिला बजावलं होतं, "आज काहीही झालं तरी उठायचं नाही." ती उठली नाही. 'तळातून घाल' हे मात्र तिचं स्वतःचं. ते ऐकून मला किती आनंद झाला होता! पळभरच.

त्या दिवसापासून आई माझ्याशी बोलत नाही. परतीच्या बसमध्ये एकदाच बोलली. "तुला शिकवलं ते त्या बाईची पळी धरायला? सगळ्यांसमोर उभी राहून जेवायला?" मी समजावायला गेले, तर तिने खिडकीकडे तोंड केलं. मी सामान घेऊन मूलँला निघाले तेव्हा ती कामावर गेलेली होती. सुट्टीचा दिवस होता.

तुम्ही जिंकलात असं समजा. पळी मी कुणाकडे परत द्यायची ते कळवा. नाहीतर तुमची ती रीतच मोडा. मोडण्याजोगी आहे.

ओदील

*

लेस्पिनाद, १८ सप्टेंबर

ओदील,

परत देता येत नाही. येत असती तर तुझ्या आजीनं मेल्यावरसुद्धा मागितली असती.

मी जिंकलेली नाही. इथे कुणी जिंकलं असेल तर वेद्रीन, त्यानं पुढच्या वर्षासाठी खोलीचं भाडं वाढवलंय.

फेर्नांद

*

क्लेरमाँ, २० नोव्हेंबर

ओदील,

मला लिहायची सवय नाही. चुका काढत बसू नकोस.

तुमची पत्रं वाचली. तिची तुझ्या खणात होती. तुझी मी तिच्याकडून मागवली. तिनं लगेच पाठवली, तिला वाटलं मी तिच्या बाजूनं आहे. तू जपून ठेवली होतीस, कारण तुला वाटतं मी तुझ्या बाजूनं आहे. दोघींनी माझ्याबद्दल किती लिहिलंय. बिचारी मार्त, उभी मार्त, मुकी मार्त. वाचता वाचता मला त्या बाईचा कंटाळा आला.

एप्रन मी आपणहून बांधायचे. फेर्नांद खरं बोलते. टेबलाशी बसलं की माझा भाऊ विचारायचा, नवरा किती पितो, मारतो का, पैसे आणून देतो का. सगळे मजूर ऐकायचे. चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. आणि तू बसलेली असायचीस. मला तिथून तुझी मान दिसायची. तू मजुरांच्या बरोबरीनं पाव मागून घ्यायचीस, न लाजता. ते बघायला मी बसनं जायचे. डोंगर बघायला नाही.

'तळातून घाल' म्हटलं ते वाईट होतं. तिचे हात मला पहिल्या बाकापासून दिसत होते. मी रोज भांडी घासते, मला हात कळतात. तरी म्हटलं. मला फार बरं वाटलं. हे मी पाद्रीलाही सांगितलेलं नाही.

आणि मग तू उठलीस. तू उठायला नको होतंस, ओदील. पळी पडू द्यायची होती. तो तिचा आणि माझा हिशेब होता, मध्ये तुझं काय काम? आपली माणसं उभी राहून जेवली ती माझ्यापर्यंत, पुढे नाही. तू तिथे उभी राहिलीस तेव्हा मला वाटलं, एवढ्या वर्षांचं सगळं गेलं. तुझा हेतू चांगला होता. हेतू तुझा नेहमीच चांगला असतो, त्याचा मला आता धाक वाटतो. राग गेलेला नाही. जाईल असं वाटत नाही इतक्यात, तेव्हा नाताळला आलीस तर या विषयावर बोलू नकोस.

मी तुझी ती घरांची पुस्तिका घेऊन बसले होते. पुढच्या ऑगस्टला मी सुट्टीवर जाणार. बुर्गोन्यमध्ये कालव्याच्या काठी एक लहान गाव आहे, नाव मला नीट म्हणताही येत नाही. तिथे एक खोली घेतली. पंधरा ऑगस्ट धरूनच घेतली. त्या गावात माझं कुणी नाही, कुणाशी भांडण नाही, कुणाचा बाक माहीत नाही. एकटी जाणार. तू येऊ नकोस. फेर्नांदलाही लिहिलंय की तिनं येऊ नये. ती यायची नाहीच, पण तिला कुणी नको म्हटलेलं मला एकदा हवं होतं.

त्या मालकीणबाईंचं उत्तर आलंय. खोली ठेवली म्हणतात. आणि विचारतात, सकाळी न्याहारी किती वाजता हवी?

मी ते पत्र तीन दिवस कॅन्टीनमध्ये खिशात घेऊन फिरले. मला काय सांगावं ते कळेना. आधी सात लिहिलं. मग वाटलं, सातला का उठायचं? ते खोडून आठ केलं. काल रात्री नऊ केलं.

आज साडेनऊ लिहून पत्र पेटीत टाकलं.

आई